उदास मन आणि अस्वस्थ दिवस : दैनंदिन स्व-काळजीचे स्वरूप, उपयोग आणि मर्यादा (महाविद्यालयीन अध्यापकांच्या विशेष संदर्भात)

सारांश

उदासी आणि चिंता या मानवी जीवनातील स्वाभाविक भावना आहेत. तथापि त्या दीर्घकाळ रेंगाळल्यास व्यक्तीचे काम, नाती आणि शारीरिक आरोग्य यांवर त्यांचा विपरीत परिणाम होतो. प्रस्तुत लेखात उदासी व चिंता यांचे स्वरूप, त्या टिकून राहण्यामागील मानसशास्त्रीय कारणे आणि दैनंदिन स्व-काळजीचे शास्त्रीय आधार असलेले मार्ग यांचे विवेचन केले आहे. वर्तन-सक्रियता, चिंतेसाठी राखीव वेळ, श्वासाची गती, झोपेची शिस्त, विवेकनिष्ठ विचार आणि माणसांचा आधार हे या मार्गांपैकी प्रमुख होत. स्व-काळजीला मर्यादा आहेत, ती उपचारांचा पर्याय नाही आणि कामाच्या ठिकाणच्या अन्यायाचे उत्तर तर नाहीच, ही बाबही लेखात स्पष्ट केली आहे.

बीजशब्द : उदासी, चिंता, स्व-काळजी, वर्तन-सक्रियता, चर्वितचर्वण, अध्यापकांचे मानसिक आरोग्य.

प्रस्तावना

अध्यापन हा मनाच्या भांडवलावर चालणारा व्यवसाय आहे. कचेरीतील एखादी फाईल उदास मनानेही पुढे सरकवता येते. परंतु साठ-सत्तर विद्यार्थ्यांसमोर उभे राहून एखादी संकल्पना उलगडून दाखविताना अध्यापकाचा आवाज, लक्ष, उत्साह आणि स्मरण या सर्वांची एकाच वेळी कसोटी लागते. मन खचलेले असेल तर ते लपविण्यासाठीच निम्मी शक्ती खर्च होते. तास संपल्यावर जाणवणारा थकवा हा पुष्कळदा शिकविण्याचा नसून असे लपविण्याचा असतो.

गेल्या दोन-अडीच दशकांत उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात झपाट्याने बदल झाले. नॅकचे मूल्यांकन, पदोन्नतीसाठी आवश्यक संशोधनलेख, बदलते अभ्यासक्रम, अंतर्गत गुणांच्या नोंदी, रोडावणारी पटसंख्या आणि तासिका तत्त्वावरील नियुक्त्या यांमुळे अध्यापकाच्या कामाचे स्वरूपच बदलून गेले. तासिका तत्त्वावरील अध्यापकास प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचेच मानधन मिळत असल्याने त्याच्यासाठी सुटी ही विश्रांती नसते, तर बिनपगारी काळजीचा काळ असतो. अशा परिस्थितीत अध्यापकाच्या वाट्याला उदास आणि अस्वस्थ दिवस येणे यात नवल नाही. नवल वाटावे ते याचे, की विद्यार्थ्यांच्या अडचणी आस्थेने ऐकून घेणारा अध्यापक स्वतःची अडचण मात्र क्वचितच कोणाजवळ बोलतो.

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेने (निम्हन्स) २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्राचा त्या राज्यांत समावेश नव्हता. तरीही त्याचे निष्कर्ष सर्वांनीच विचारात घ्यावेत असे आहेत. सर्वेक्षणाच्या वेळी प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के व्यक्तींना कोणती ना कोणती मानसिक आजाराची समस्या होती आणि निरनिराळ्या आजारांनी ग्रस्त असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के व्यक्तींपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. ही दरी बुजविण्यासाठी तज्ज्ञांची संख्या वाढणे आवश्यक आहेच. परंतु आजाराच्या अलीकडे, रोजच्या जगण्यात मनाची काळजी कशी घ्यावी याचे ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचणेही तितकेच आवश्यक आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. उदासी, चिंता आणि मानसिक विकार यांतील फरक स्पष्ट करणे.
२. उदासी व चिंता टिकवून धरणाऱ्या चक्रांचा परिचय करून देणे.
३. दैनंदिन स्व-काळजीच्या मार्गांचे शास्त्रीय आधार सांगणे.
४. स्व-काळजीच्या मर्यादा व तज्ज्ञांच्या मदतीची आवश्यकता विशद करणे.

उदासी आणि चिंता : संकल्पना व भाषा

मनाच्या अवस्थांसाठी मराठीत शब्दांची मोठी श्रीमंती आहे. करमत नाही, उदास वाटते, मन खट्टू झाले, मनावर मळभ आले, उमेद खचली हे शब्दप्रयोग एका कुळातले आहेत. त्यांचा रोख जे गेले, हुकले किंवा मिळाले नाही त्याकडे असतो. हुरहूर, धाकधूक, घालमेल, धास्ती, पोटात गोळा येणे, जीव टांगणीला लागणे हे शब्दप्रयोग दुसऱ्या कुळातले असून त्यांचा रोख जे अजून घडलेले नाही त्याकडे असतो. सर्वसाधारणपणे उदासी भूतकाळाशी आणि चिंता भविष्यकाळाशी बांधलेली असते असे म्हणता येईल. व्यवहारात मात्र दोघी पुष्कळदा हातात हात घालून येतात.

हा शब्दभेद केवळ भाषेच्या हौसेचा विषय नाही. मॅथ्यू लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भावनेला शब्दांत नाव दिले असता मेंदूतील भयाशी निगडित असलेल्या बदामाकृती केंद्राची प्रतिक्रिया सौम्य होते असे आढळले. ‘आज काही बरे वाटत नाही’ असे मोघम म्हणण्याऐवजी ‘प्राचार्यांसमोरच्या बैठकीची धास्ती वाटते आहे’ असे नेमके म्हणता आले, तर पुढे काय करावे याची दिशाही मिळते. उदासीवरचा उपाय आणि धास्तीवरचा उपाय एकच नसतो.

स्वाभाविक उदासी आणि नैराश्याचा विकार यांतील सीमारेषाही समजून घेणे आवश्यक आहे. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार खिन्न मनःस्थिती किंवा कामांतील रस नाहीसा होणे ही लक्षणे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतांश वेळ असतील, त्यांना झोप, भूक, एकाग्रता, ऊर्जा यांतील बिघाड, निरर्थकतेची भावना किंवा मृत्यूचे विचार यांची जोड असेल आणि त्यामुळे दैनंदिन व्यवहार विस्कळीत झाले असतील, तर नैराश्याच्या विकाराची शक्यता विचारात घेतली जाते. म्हणजेच तीव्रता, कालावधी आणि व्यवहारावरील परिणाम ही तीन मोजमापे महत्त्वाची ठरतात. या तिन्हींत अलीकडच्या बाजूस असलेले दिवस हे स्व-काळजीचे मुख्य क्षेत्र होय.

उदासीचे चक्र

उदाहरणादाखल तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या एका अध्यापकाची कल्पना करावी. कायम नियुक्तीची मुलाखत हुकल्यानंतर त्याचे मन खट्टू होते. संध्याकाळचे फिरणे तो थांबवितो, कारण वाटेत ओळखीचे लोक विचारतील. ग्रंथालयात जाणे कमी होते. आवडीची पेटी कोपऱ्यात पडून राहते. टेबलावरील उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ‘उद्या पाहू’ म्हणून तसाच राहतो आणि दिवसागणिक त्याची उंची वाढत जाते. आता मुलाखतीच्या दुःखात गठ्ठ्याचे दडपण मिसळते. आठवडाभराने तो स्वतःस आळशी म्हणू लागतो आणि ‘आपल्याकडून काहीच होत नाही’ हे मत त्यास पुराव्यानिशी सिद्ध झाल्यासारखे वाटते.

या चक्राची मीमांसा अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात केली. त्यांच्या मते, समाधान देणाऱ्या अनुभवांचे प्रमाण घटले की मन खिन्न होते, खिन्न मन हालचाल कमी करते आणि हालचाल कमी झाली की समाधानाचे अनुभव आणखी घटतात. चक्राच्या प्रत्येक फेरीत माघार घेणे तात्पुरते सुखाचे वाटते, हेच त्यातील खरे कोडे आहे. फिरायला न गेल्याने त्या संध्याकाळपुरते प्रश्न टळतात. परंतु त्याची किंमत पुढील आठवडा मोजतो.

यास जोड मिळते ती चर्वितचर्वणाची. सुझन नोलेन-होक्सिमा यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, उदास मनःस्थितीत स्वतःच्या दुःखाविषयी व त्याच्या कारणांविषयी पुनःपुन्हा विचार करीत राहण्याची सवय उदासीचा काळ लांबविते. ‘असे का झाले?’ हा प्रश्न वरवर चिंतनाचा वाटतो. परंतु त्याचे उत्तर ज्या घडीला कृतीकडे नेत नाही, त्या घडीपासून ते चिंतन राहत नाही. बैल घाण्याभोवती फिरत राहतो, वाट मात्र संपत नाही, तशी ही स्थिती असते.

वर्तन-सक्रियता : मनाची वाट न पाहता केलेली कृती

‘बरे वाटले की फिरायला जाईन’ असा सर्वसाधारण क्रम मानला जातो. वर्तन-सक्रियता या उपचारपद्धतीने हा क्रम उलटा केला. तीनुसार कृती आधी येते आणि बरे वाटणे तिच्या मागोमाग येते. नील जेकबसन व सहकाऱ्यांच्या १९९६ मधील अभ्यासात, केवळ वर्तनात बदल घडविणारा भागही विचारांवर काम करणाऱ्या संपूर्ण उपचारपद्धतीइतकाच परिणामकारक ठरला. तेव्हापासून या पद्धतीकडे संशोधकांचे विशेष लक्ष गेले.

या पद्धतीचा एक महत्त्वाचा प्रयोग मराठी वाचकाच्या अगदी शेजारी, गोव्यात झाला आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेच्या माध्यमातून डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत वर्तन-सक्रियतेवर आधारलेला एक छोटा उपचारक्रम राबविला. तो देणारे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य स्थानिक व्यक्ती होत्या. साधारण सहा ते आठ भेटींचा हा क्रम होता. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर हा क्रम घेतलेल्यांपैकी ६४ टक्के व्यक्तींचे नैराश्य ओसरले होते. आरोग्य केंद्रातील नेहमीच्या सुधारित उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. तेथे समुपदेशकाची नियमित साथ होती, ही बाब विसरता येणार नाही. तथापि त्यामागील तत्त्व साधे असून दैनंदिन जीवनात वापरता येण्याजोगे आहे.

हे तत्त्व व्यवहारात आणताना पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात. प्रथम, आठवडाभर एका वहीत दिवसाच्या प्रत्येक टप्प्यावर काय केले आणि तेव्हा मन कसे होते याची दोन-तीन शब्दांत नोंद ठेवावी. बहुतेकांना यातून अनपेक्षित गोष्टी कळतात. उदाहरणार्थ, दूरचित्रवाणीसमोरचे दोन तास विश्रांतीचे वाटले तरी त्यानंतर मन अधिक जड होते, अथवा कंटाळत सुरू केलेला द्वितीय वर्षाचा तास संपताना मन हलके झालेले असते. दुसरे म्हणजे, कृती निवडताना तीन प्रकारांचा समतोल राखावा : आनंद देणारी, काही पार पाडल्याचे समाधान देणारी आणि माणसांजवळ नेणारी. तिसरे म्हणजे, कृती लहान असावी आणि तिची वेळ ठरलेली असावी. ‘गठ्ठा संपवायचा’ हा संकल्प उदास मनाला पेलत नाही. ‘सकाळी चहानंतर पाच उत्तरपत्रिका’ हा पेलतो. वरील उदाहरणातील अध्यापकाने पाच उत्तरपत्रिका तपासल्या, तर गठ्ठा फारसा कमी होत नाही. पण ‘आपल्याकडून काहीच होत नाही’ या वाक्याविरुद्ध पहिला पुरावा मात्र जमा होतो.

अस्वस्थ दिवस : शरीर, श्वास आणि राखीव वेळ

चिंतेचे प्रथम दर्शन शरीरात घडते. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, पोटात कालवाकालव होते. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संकटसमयी शरीर लढण्याची अथवा पळण्याची तयारी कशी करते याचे विवेचन केले. वाघासमोर उपयोगी पडणारी ही तयारी तपासणी समितीसमोर मात्र निरुपयोगी ठरते, कारण तेथे लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. असे असले तरी प्रत्येक चिंता हानिकारक नसते. येर्क्स आणि डॉडसन यांच्या उंदरांवरील १९०८ च्या प्रयोगांपासून हे सांगितले जाते की, उत्तेजनेची मध्यम पातळी कार्यक्षमतेस पोषक असते; ती फार कमी वा फार जास्त झाल्यास काम बिघडते. म्हणून चिंता समूळ नष्ट करणे हे उद्दिष्ट नसून ती आटोक्यात राहील अशा पातळीवर आणणे हे उद्दिष्ट असावे.

शरीराच्या या तयारीवर जाणीवपूर्वक परिणाम करता येईल असे सर्वांत सुलभ साधन म्हणजे श्वास. सामान्यतः प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेते. तो सावकाश, मिनिटाला सुमारे सहापर्यंत आणला आणि उच्छ्वास श्वासापेक्षा लांबविला, तर हृदयाची गती मंदावणाऱ्या चेतासंस्थेचे कार्य वाढते. वर्गात शिरण्यापूर्वी ओसरीत उभे राहून केलेले असे आठ-दहा श्वास कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मात्र श्वासाकडे लक्ष दिल्याने ज्यांची घाबरगुंडी वाढते, त्यांनी त्याऐवजी चालणे अथवा हाताने करावयाचे एखादे काम निवडावे.

‘विचार करू नकोस’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला मात्र सहसा निष्फळ ठरतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात सहभागी व्यक्तींना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगण्यात आले. त्यांच्या मनात ते अस्वल वारंवार येत राहिले आणि नंतर विचार करण्याची मुभा मिळताच ते अधिकच येऊ लागले. दडपलेला विचार दुप्पट जोराने परततो. म्हणून चिंता हाकलण्याऐवजी तिला जागा नेमून देणे श्रेयस्कर. थॉमस बोरकोवेक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार दिवसातील अर्धा तास आणि एक ठरावीक जागा चिंतेसाठी राखून ठेवावी. दिवसभरात काळजी मनात आली की ती कागदावर एका ओळीत टिपावी आणि ‘संध्याकाळी सहा वाजता’ म्हणून हातातील कामाकडे वळावे. सहा वाजता यादी काढून प्रत्येक काळजीपुढे एकच प्रश्न विचारावा : यावर आज काही करता येण्यासारखे आहे काय? असल्यास ती कृती व तिची वेळ लिहावी. नसल्यास तसे लिहावे. सकाळी डोंगराएवढी वाटलेली काळजी संध्याकाळी पुष्कळदा ओळखूही येत नाही. ही राखीव वेळ निजण्याच्या सुमारास नसावी, एवढे पथ्य पाळावे.

झोप, हालचाल आणि चहा

मन आणि शरीर यांची विभागणी पाठ्यपुस्तकात सोयीची असते. दिवस मात्र दोघांचा मिळून असतो. अपुऱ्या झोपेने चिडचीड, खिन्नता व काळजी वाढतात आणि काळजीने झोप उडते. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली निद्राशिस्त आजही निद्रानाशाच्या उपचारांत पायाभूत मानली जाते. झोप आली तरच अंथरुणावर जाणे, अंथरुणात वाचन, मोबाईल वा काळजी न करणे, बराच वेळ झोप न लागल्यास उठून दुसऱ्या खोलीत शांत काम करणे आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठणे ही तिची सूत्रे होत. उत्तरपत्रिका गादीवर पसरून तपासणाऱ्यांनी यातील दुसऱ्या सूत्राकडे विशेष लक्ष द्यावे.

स्टाफरूममधील चहा हा विसाव्याचा व संवादाचा भाग असल्याने तो वर्ज्य करण्याची गरज नाही. परंतु चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जाण्यास सरासरी पाच तास लागतात. दुपारनंतरचे चार कप ज्यांच्या सवयीचे आहेत, त्यांनी आपली धडधड आणि रात्रीचे जागरण यांचा हिशेब एकदा या दृष्टीने मांडून पाहावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची शारीरिक हालचाल करावी. रोज पंचवीस मिनिटे भरभर चालल्यासही ही किमान मर्यादा पार होते. व्यायामाने उदासी व चिंतेची लक्षणे कमी होतात, याला अनेक अभ्यासांचा आधार आहे. सूर्यनमस्कार, पोहणे, सायकल वा टेकडी चढणे यांपैकी काय निवडावे हा प्रश्न दुय्यम आहे. जे नियमितपणे होईल तेच योग्य.

येथे आणखी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. थायरॉईडच्या कार्यातील बिघाड, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, काही औषधांचे परिणाम तसेच प्रसूतीनंतरचे व रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल यांतूनही उदासी, थकवा अथवा धडधड उद्भवू शकते. मनाला बोल लावण्यापूर्वी एकदा वैद्यकीय तपासणी करून घेणे हीसुद्धा स्व-काळजीच होय.

स्वतःशी होणारा संवाद

महाराष्ट्राला मनाशी बोलण्याची परंपरा नवीन नाही. समर्थ रामदासांच्या ‘मनाचे श्लोक’ या २०५ श्लोकांच्या रचनेत संबोधन आहे ते मनालाच, आणि त्यास ‘सज्जन’ म्हणून साद घातलेली आहे. मनाला सुधारायचे असेल तर त्याला आधी सज्जन मानावे लागते, हे त्यातील मर्म आधुनिक मानसशास्त्राशीही जुळणारे आहे.

अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी केली. प्रसंग नव्हे तर प्रसंगाविषयीची आपली धारणा भावनेस आकार देते, हे तिचे मूळ सूत्र होय. मराठी वाचकांना ही विचारसरणी कि. मो. फडके, तसेच १९९० मध्ये ठाणे येथे ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे परिचित झाली. ‘मुलाखतीत निवड व्हायलाच हवी होती, झाली नाही म्हणजे मी नालायक’ या विचारात इच्छेचे रूपांतर हट्टात आणि एका अपयशाचे रूपांतर संपूर्ण व्यक्तीच्या मूल्यमापनात झालेले असते. ‘निवड व्हावी अशी माझी तीव्र इच्छा होती, झाली नाही याचे दुःख आहे, परंतु एका मुलाखतीने माझी किंमत ठरत नाही’ हा विचार दुःख नाकारत नाही, फक्त त्याला त्याच्या मापात ठेवतो.

क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेली आत्मकरुणेची संकल्पनाही याच दिशेने जाते. एखाद्या होतकरू विद्यार्थ्याचा विषय राहिला, तर अध्यापक त्यास ‘तू निरुपयोगी आहेस’ असे म्हणत नाही. चूक कोठे झाली ते दाखवितो आणि पुढील परीक्षेची तयारी करून घेतो. तोच न्याय स्वतःस लावणे म्हणजे आत्मकरुणा. ते स्वतःचे लाड करणे नव्हे किंवा जबाबदारी टाळणेही नव्हे.

माणसांचा आधार

उदास मन एकांत मागते आणि एकांत उदासीस खतपाणी घालतो. त्यामुळे माणसांपासून पूर्णपणे न तुटणे हा स्व-काळजीचा अविभाज्य भाग ठरतो. ‘स्व’ या शब्दाने येथे गैरसमज होऊ नये. सर्वांजवळ सर्व काही बोलणे आवश्यक नसते. एखादा विश्वासू सहकारी, बहीण, जुना मित्र यांपैकी एकाजवळ ‘सध्या जरा जड जाते आहे’ एवढे म्हणता येणे पुरेसे असते. ऐकणाऱ्याने मात्र लगेच उपदेश करू नये आणि ‘यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक आहेत’ अशी तुलनाही करू नये. ‘केव्हापासून?’ आणि ‘झोप लागते का?’ हे दोन प्रश्न दहा उपदेशांपेक्षा अधिक आधार देतात.

संवादाचे महत्त्व विदर्भातील एका उपक्रमातूनही दिसून आले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य कार्यक्रमात गावपातळीवर नैराश्याविषयी उघडपणे बोलले गेले आणि स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत मदत उपलब्ध करून देण्यात आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्यग्रस्त व्यक्तींपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांपर्यंत वाढले. जे खेड्यांत शक्य झाले, ते सुशिक्षितांच्या स्टाफरूममध्ये अशक्य असण्याचे कारण नाही.

स्व-काळजीच्या मर्यादा

स्व-काळजीचा पुरस्कार करताना दोन धोके टाळणे आवश्यक आहे. पहिला धोका उपचारांस विलंब होण्याचा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तास घेणे वा घरचे व्यवहार कठीण झाले, चिंतेचे झटके येऊ लागले, मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार घ्यावा लागू लागला अथवा जगणे नकोसे वाटू लागले, तर केवळ फिरणे आणि वही यांवर विसंबून राहू नये. मृत्यूचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही थांबू नये. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांतील स्थितीचा अंदाज देते. तीत १० वा अधिक गुण आल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. मात्र ती निदान नव्हे. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत समुपदेशन मिळते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. परिस्थितीतून उद्भवलेल्या त्रासाची सर्व जबाबदारी व्यक्तीवर ढकलण्यासाठी स्व-काळजीचा उपयोग होऊ शकतो. वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, मानधनाची वाट पाहणाऱ्या अध्यापकास प्राणायाम सुचविणे सोपे आहे. त्याचे मानधन वेळेवर देणे त्याहून अवघड, पण अधिक परिणामकारक आहे. श्वासाच्या व्यायामाने रक्तातील ताण उतरतो, घरभाड्याची तारीख पुढे जात नाही. म्हणून व्यक्तीने स्वतःची काळजी घ्यावी आणि संस्थेने काळजी घेण्याजोगी परिस्थिती निर्माण करावी, या दोन्ही गोष्टी एकमेकींस पर्याय नसून पूरक आहेत.

महाविद्यालयीन पातळीवरील उपाययोजना

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी दिलेल्या मार्गदर्शक निर्देशांत १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे म्हटले आहे. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्यविषयक प्रशिक्षण देण्याचाही त्यांत समावेश आहे. या निर्देशांचा केंद्रबिंदू विद्यार्थी आहे आणि ते योग्यच आहे. परंतु खचलेल्या विद्यार्थ्यास सर्वप्रथम ओळखण्याची अपेक्षा ज्याच्याकडून आहे, तो अध्यापक स्वतः खचलेला नसणे ही त्याची पूर्वअट आहे. या दृष्टीने पुढील उपाय सुचविता येतील :

१. समुपदेशन कक्ष अध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठीही खुला असावा आणि गोपनीयता काटेकोरपणे पाळली जावी.
२. तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे मानधन दरमहा अदा व्हावे आणि विलंब होणार असल्यास त्याची पूर्वसूचना द्यावी.
३. कार्यालयीन सूचना रात्री उशिरा मोबाईलवर पाठविण्याची प्रथा थांबवावी.
४. कामाचे वाटप करताना तीच समिती व तीच व्यक्ती असा भार वर्षानुवर्षे पडू देऊ नये.

निष्कर्ष

उदास आणि अस्वस्थ दिवस हा मनाचा पराभव नव्हे. ऋतूंप्रमाणे तेही येतात व जातात. मात्र ते आपोआप जातील म्हणून माघार घेत राहिल्यास त्यांचा मुक्काम वाढतो. लहान व ठरलेल्या वेळी केलेली कृती, नेमक्या शब्दांत मांडलेली भावना, राखीव वेळेत बसविलेली चिंता, शिस्तीची झोप, नियमित चालणे, स्वतःशी सौम्य व विवेकी संवाद आणि किमान एका माणसाजवळ मोकळे होणे या गोष्टी खर्चिक नाहीत आणि त्यांना पाठबळ देणारे संशोधन उपलब्ध आहे. त्यांचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. सलग काही आठवडे केल्यास बहुधा जाणवतो. जेथे त्या पुरेशा पडत नाहीत, तेथे तज्ज्ञांकडे जाणे ही स्व-काळजीचीच पुढची पायरी आहे. जेथे दुःखाचे मूळ परिस्थितीत आहे, तेथे परिस्थिती बदलण्याची जबाबदारी संस्थेची व व्यवस्थेची आहे.

टेबलावरील उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एका बैठकीत संपत नाही. पाच-पाच करीतच तो उतरतो. मनावरील भारही बहुतांशी तसाच उतरतो आणि कधी कधी तो उतरविण्यासाठी दुसऱ्याचा हात लागतो. तो हात मागण्यात अध्यापकाने संकोच करू नये आणि सहकाऱ्याने तो देण्यात विलंब करू नये.